दीर्घकालीन शुश्रूषा केंद्रातील रात्रपाळीचे नियोजन : वृद्धांची झोप आणि परिचारिकेची जाग

प्रस्तावना

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे १०.३८ कोटी होती. एकूण लोकसंख्येत त्यांचे प्रमाण ८.६ टक्के होते. महाराष्ट्रात हे प्रमाण देशाच्या सरासरीहून अधिक, म्हणजे ९.९ टक्के इतके आढळले. वाढत्या आयुर्मानाबरोबर वृद्धाश्रम या संस्थेचे स्वरूपही पालटत गेले आहे. सत्तराव्या वर्षी स्वतःच्या पायांनी चालत आलेली व्यक्ती पंच्याऐंशीव्या वर्षी त्याच खोलीत अंथरुणाला खिळलेली असते. संस्थेच्या फलकावर ‘वृद्धाश्रम’ हाच शब्द राहतो. आत मात्र पक्षाघात, स्मृतिभ्रंश, कंपवात, मोडलेला खुबा अशा कारणांनी परावलंबी झालेल्यांची अखंड शुश्रूषा सुरू असते. अशा संस्थांना प्रस्तुत लेखात ‘दीर्घकालीन शुश्रूषा केंद्र’ असे संबोधले आहे.

या केंद्रांविषयीची चर्चा बहुधा दिवसाच्या प्रकाशात होते. विश्वस्त, देणगीदार, नातेवाईक, समाजकार्य विभागाचे विद्यार्थी हे सर्व सकाळी दहा ते सायंकाळी सहा या वेळेत येतात. त्यानंतरचे दहा-बारा तास केंद्र दोन-तीन स्त्रियांच्या हाती असते आणि त्या काळात काय घडते हे एका नोंदवहीवरून ठरवले जाते. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ याच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रमाची कल्पना मांडली आहे. परंतु रात्री तेथे किती व कोणती माणसे असावीत याविषयी अधिनियमात काही सांगितलेले नाही. या अधिनियमात सुधारणा करून अशा केंद्रांची नोंदणी व किमान मानके ठरवण्यासाठीचे विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही. परिणामी रात्रपाळी कशी आखावी हा प्रश्न प्रत्येक केंद्राने आपापल्या सोयीने सोडवलेला दिसतो, आणि बहुतेकांनी त्यासाठी रुग्णालयाचाच नमुना उचललेला दिसतो. हा नमुना येथे का बसत नाही व त्याऐवजी रात्रीची कामे कोणत्या तत्त्वावर वाटावीत, याचा विचार पुढे केला आहे.

रुग्णालयातील रात्र आणि केंद्रातील रात्र

रुग्णालयातील रुग्ण काही दिवसांचा पाहुणा असतो. त्याच्या नाडीची, तापाची, रक्तदाबाची नोंद ठरावीक अंतराने घेणे अपरिहार्य असते. त्यासाठी त्याची झोप मोडली तरी चालते, कारण घरी गेल्यावर ती भरून निघणार असते. केंद्रातील निवाशाला मात्र दुसरे घर नाही. त्याची झोप येथे एक रात्र नव्हे, तर वर्षानुवर्षे रोज मोडली जाते.

अनावश्यक आवाज हा आजारी माणसावर होणारा सर्वांत निर्दय अन्याय आहे, असा विचार फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शुश्रूषाविषयक पुस्तकात मांडला होता. पुढे १९९० च्या दशकात जॉन श्नेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील शुश्रूषागृहांत रात्रीची निरीक्षणे केली. निवाशांच्या जागे होण्याचा संबंध आवाज, दिवे आणि ओले कपडे बदलण्याची कामे यांच्याशी असल्याचे त्यांना आढळले. म्हणजे ज्या काळजीसाठी माणूस नेमला, तीच काळजी झोपेची शत्रू ठरते. आपल्याकडे यात लोखंडी खाटांचा खडखडाट, एकाच बटणावर पेटणाऱ्या चार ट्यूबलाइट आणि व्हरांड्यातून दिलेली हाक यांची भर पडते.

परंतु या सर्वांहून गंभीर बाब म्हणजे पहाटेच्या आंघोळी. अनेक केंद्रांत परावलंबी वृद्धांना पहाटे चार-साडेचारपासून उठवून स्पंजिंग वा आंघोळ घालण्याची प्रथा असते. बाहेरच्या माणसाला हा निव्वळ निष्ठुरपणा वाटेल. तो तसा नाही. सकाळचा चहा-नाश्ता आठला असतो. दिवसपाळीच्या मावशी सातला येतात. एका तासात पंधरा माणसांची आंघोळ, दाढी, वेणी, चादरी होणे शक्य नसते. म्हणून व्यवस्थापक ‘रात्रीच्यांनी निम्मे उरकून ठेवावे’ असे ठरवतो. रात्रपाळीलाही ते पटते, कारण सकाळी ओव्हर देताना ‘एवढ्यांचे झाले’ असे सांगता येते. न सांगता आल्यास दिवसपाळीची कुरकुर ऐकावी लागते. यात कोणाचाच दुष्ट हेतू नसतो. दोन पाळ्यांमधील कामाच्या वाटणीचा ताण सर्वांत दुबळ्या माणसाच्या झोपेवर ढकलला जातो, एवढेच.

त्याचे परिणाम मात्र साखळीने येतात. पहाटे चारला उठवलेली वृद्धा नऊला खुर्चीत पेंगते, दुपारभर झोपते आणि रात्री अकराला टक्क जागी असते. स्मृतिभ्रंश असल्यास सायंकाळनंतर वाढणारी अस्वस्थता आणखी तीव्र होते. ती ‘घरी जायचे आहे’ म्हणून दाराशी येते. मग झोपेची गोळी सुरू होते. गोळीच्या अंमलाखाली लघवीसाठी उठताना तोल जातो, खुबा मोडतो आणि चालती वृद्धा अंथरुणाला खिळते. आता तिलाही पहाटे स्पंजिंग करावे लागते. अशा रीतीने रात्रपाळीचे काम वाचवण्यासाठी केलेली व्यवस्था रात्रपाळीचेच काम वाढवत नेते.

यावरील उपाय रात्रीत नसून दिवसाच्या वेळापत्रकात आहे. सकाळी सहा ते दहा या वेळेत येणारी एक जादा मावशी, आठ ते साडेनऊपर्यंत लांबवलेला नाश्ता आणि निम्म्या आंघोळी दुपारी तीननंतर, एवढे केले तरी पहाटेचे स्नान संपुष्टात येऊ शकते. ज्यांची आयुष्यभर पहाटे उठून स्नान-संध्या वा काकड आरती करण्याची सवय आहे, त्यांना अर्थातच पहाटे उठू द्यावे. ती त्यांची सवय आहे, संस्थेची सोय नव्हे.

कूस बदलणे : दोन तासांच्या नियमाचा फेरविचार

रात्रपाळीतील सर्वांत श्रमाचे काम म्हणजे अंथरुणाला खिळलेल्यांची कूस बदलणे. शय्याव्रण टाळण्यासाठी दर दोन तासांनी कूस बदलावी, हे प्रत्येक परिचारिकेला प्रशिक्षणात शिकवले जाते. या विषयाचा पद्धतशीर अभ्यास डोरीन नॉर्टन व सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये केला व तो १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. धोक्याचे गुणांकन करणारी पहिली मोजपट्टीही त्यातूनच आली. पुढे १९८० च्या दशकात बार्बरा ब्रेडन व नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांनी अधिक तपशिलाची मोजपट्टी तयार केली. संवेदना, त्वचेचा ओलसरपणा, हालचाल, आहार इत्यादी सहा बाबींवर ती आधारलेली असून आज जगभर वापरली जाते.

बर्गस्ट्रॉम यांच्याच नेतृत्वाखाली अमेरिका व कॅनडातील २७ शुश्रूषागृहांत ९४२ निवाशांवर झालेली चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. मध्यम व अधिक धोका असलेल्या निवाशांची कूस दोन, तीन किंवा चार तासांनी बदलली असता शय्याव्रणांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. हा निष्कर्ष आपल्याकडे उचलताना एक अट विसरता कामा नये. ते सर्व निवासी दाट फोमच्या दाब-विभाजक गाद्यांवर होते. काथ्याच्या वा दबून गेलेल्या कापसाच्या गादीवर चार तासांची मुभा देणे म्हणजे व्रणाला आमंत्रण होय. उन्हाळ्यात रेक्झिनच्या आवरणावर घामाने भिजलेली पाठ हाही वेगळाच प्रश्न आहे.

तरीही या चाचणीचा नियोजनाच्या दृष्टीने मोठा उपयोग आहे. समजा, चाळीस निवाशांच्या केंद्रात बारा जण अंथरुणाला खिळलेले आहेत. रात्रपाळी नऊ ते सात अशी आहे. सर्वांची कूस दर दोन तासांनी, म्हणजे ९, ११, १, ३ व ५ वाजता बदलायची, तर रात्रीत साठ वेळा हे काम करावे लागते. प्रत्येक वेळी दोघींची पाच मिनिटे धरल्यास ६०० मनुष्य-मिनिटे, अर्थात दहा मनुष्य-तास लागतात. कामावर दोघीच असतील तर उपलब्ध वीस मनुष्य-तासांपैकी निम्मे यातच जातात. आता बारापैकी अतिधोक्याच्या चौघांना दोन तासांचा आणि चांगल्या गादीवरील आठ जणांना चार तासांचा नियम लावला, तर चौघांचे वीस व आठ जणांचे चोवीस, असे एकूण चव्वेचाळीस फेरे होतात. दोन तास चाळीस मिनिटांचे श्रम वाचतात आणि आठ जणांना एक ते पाच अशी सलग चार तासांची झोप मिळते. आठ चांगल्या गाद्यांची किंमत या हिशेबासमोर ठेवून पाहावी, असे व्यवस्थापन समितीच्या सभेत क्वचितच घडते. गादी ही देणगीची वस्तू मानली जाते; मनुष्यबळाचा प्रश्न म्हणून तिच्याकडे पाहिले जात नाही.

प्रमाणित अंतर पाळण्याबरोबरच त्वचा पाहणे महत्त्वाचे. माकडहाड, टाचा, खुबा येथील लाली दाबल्यावर फिकी होत नसेल, तर त्या रात्री अंतर कमी करण्याचा अधिकार परिचारिकेला हवा. सावळ्या त्वचेवर लाली पटकन दिसत नाही. तेथे हाताला लागणारी उष्णता व कठीणपणा यांवरून ओळखावे लागते, ही बाब परदेशी तक्त्यांच्या भाषांतरात अनेकदा निसटते.

दीर्घकालीन शुश्रूषेत हे शक्य आहे याचा सर्वांत ठळक दाखला मुंबईत घडला. केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग २७ नोव्हेंबर १९७३ च्या हल्ल्यानंतर १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत तेथेच अंथरुणावर होत्या. ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तेथील परिचारिकांच्या सेवेचा गौरव केला आणि इतक्या वर्षांत त्यांना शय्याव्रण होऊ दिला नाही, या बाबीची आवर्जून दखल घेतली. हा निकाल दयामरणाच्या संदर्भात वाचला जातो. शुश्रूषेच्या अभ्यासकाला मात्र त्यात हजारो रात्रपाळ्या दिसतात. पाळीपत्रकावरील नावे बदलत गेली, काम खंडित झाले नाही.

स्वच्छतागृह, डायपर आणि सकाळचे इन्सुलिन

‘बारा, दोन, चारला सर्वांचे डायपर तपासणे’ ही सरसकट फेरी बंद करून प्रत्येकाचा स्वभाव तीन-चार रात्री नोंदवावा. कोणी एकला ओले होते, कोणी पाचलाच. चालू शकणाऱ्याला त्याच्या नेहमीच्या वेळेआधी हलकेच उठवून नेले, तर पडण्याचे प्रसंग कमी होतात. लघवी वाढवणारी गोळी सायंकाळी सातला दिली जात असेल, तर डॉक्टरांना विचारून ती सकाळी घेता येते का हे पाहणे हेही रात्रीचेच नियोजन आहे.

इन्सुलिनबाबत अधिक सावधगिरी हवी. त्वरित परिणाम करणारे साधे इन्सुलिन जेवणापूर्वी साधारण अर्धा तास द्यायचे असते. पाळी संपवण्याच्या घाईत ते साडेसहाला टोचले आणि नाश्ता आठला आला, तर मधल्या दीड तासात साखर उतरते. त्याच वेळी ओव्हर चालू असते व खाटेजवळ कोणी नसते. हे इंजेक्शन रात्रपाळीच्या यादीतून काढून नाश्ता वाढणाऱ्या पाळीकडे सोपवणे, हा त्यावर साधा उपाय आहे.

जागणाऱ्या शरीराचा विचार

आतापर्यंत निवाशाच्या झोपेचा विचार केला. परिचारिकेच्या जागण्याचाही तितकाच विचार आवश्यक आहे. मानवी शरीरातील घड्याळ रात्रपाळीने सहज उलटत नाही. शरीराचे तापमान पहाटेच्या सुमारास सर्वांत खाली येते आणि तीन ते पाच या वेळेत सावधानता सर्वांत मंदावते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये शरीरघड्याळ बिघडवणाऱ्या पाळीच्या कामाचा ‘संभाव्य कर्करोगकारक’ वर्गात समावेश केला व २०१९ च्या फेरमूल्यांकनात रात्रपाळीबाबत हेच वर्गीकरण कायम ठेवले.

या शरीरशास्त्रातून नियोजनाचे काही संकेत मिळतात. गोळ्यांचे डबे भरणे, औषधांचा साठा मोजणे, नोंदी नव्या वहीत उतरवणे अशी चूक महाग पडणारी कामे तीन ते पाचच्या दरम्यान ठेवू नयेत. ती बाराच्या आत संपवावीत. त्या वेळेत दोघींनी मिळून करायची, उभ्याने व बोलत करायची कामे असावीत. दोघी असतील तर प्रत्येकीला अर्ध्या तासाची मान्य विश्रांती मिळावी. अनेक संस्थांत झोपलेली आढळल्यास दंड होतो. त्यामुळे झोप थांबत नाही, ती लपवली जाते. खुर्चीत बसल्या बसल्या दोघींना एकाच वेळी लागणारी डुलकी ही मान्य विश्रांतीपेक्षा अधिक धोक्याची आहे.

पाळ्यांचा क्रम सकाळ, दुपार, रात्र असा पुढे सरकणारा असावा, कारण शरीराला दिवस लांबवणे हे तो आखडण्यापेक्षा सोपे जाते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९७७ च्या परिचारिकाविषयक शिफारशीत दोन पाळ्यांमध्ये सलग किमान बारा तासांची विश्रांती सुचवली आहे. दुपारची पाळी नऊला संपवून दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बोलावणे हे या शिफारशीत बसत नाही, तरी पाळीपत्रकांत सर्रास आढळते.

तथापि कागदावरची विश्रांती आणि प्रत्यक्ष विश्रांती यांत अंतर आहे. नाईट करून घरी पोहोचलेली स्त्री नऊला झोपत नाही. मुलांचा डबा, पाण्याची वेळ, सासूचे औषध हे सर्व झाल्यावर बारा वाजता तिला आडवे होता येते आणि तीनला शाळा सुटते. म्हणूनच ‘सलग महिनाभर नाईट घेते, दिवस मोकळा मिळतो’ असे सांगणारी कर्मचारी व्यवस्थापकाला सोयीची वाटली, तरी हा मोकळा दिवस ती कशासाठी वापरते हे विचारायला हवे. अनेकदा ती दिवसा दुसऱ्या घरी पेशंट सांभाळत असते. या प्रश्नाचे उत्तर पाळीपत्रकात नाही, वेतनात आहे.

पाळीची वेळही बस व लोकल यांवर अवलंबून असते. गावाबाहेरच्या केंद्रात रात्री साडेनऊला पाळी सुरू करणे म्हणजे कर्मचारी स्त्रीला अंधाऱ्या रस्त्यावरून चालायला लावणे. रात्री साडेनऊ ते सकाळी सात या काळात स्त्री कामगाराला तिच्या संमतीने व पुरेशा संरक्षणाची व्यवस्था करूनच काम देता येईल, अशी तरतूद महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापनाविषयक अधिनियमात आहे. केंद्रांनी याकडे केवळ पाळायची अट म्हणून न पाहता वेळ ठरवण्याचा आधार म्हणून पाहिले, तर आठ वाजताची सुरुवात अधिक सयुक्तिक दिसते.

दोघींची रात्र

प्रत्येक मजल्यावर किमान दोघी, ही अट कोणत्याही गुणोत्तराच्या आधी यायला हवी. एकटी मावशी कूस बदलताना एकतर स्वतःची कंबर मोडते किंवा निवाशाला ओढते; ओढल्याने त्वचा सोलते. दोघींपैकी एक प्रशिक्षित असणे इष्ट, निदान इमारतीत एक तरी प्रशिक्षित परिचारिका आणि फोनवर येणारा डॉक्टर निश्चित हवा. त्याचा क्रमांक भिंतीवर असून भागत नाही. ‘कोणत्या लक्षणांना रात्री उठवायचेच’ हे त्याने स्वतः लिहून द्यावे. मावशीला डॉक्टरला उठवण्याचा संकोच वाटतो, आणि या संकोचात पक्षाघाताचे मोलाचे तास निघून जातात.

आगीचा विचार तर रात्रीच्या माणसांच्या संख्येनेच करावा लागतो. ९ डिसेंबर २०११ च्या पहाटे कोलकात्यातील एका खासगी रुग्णालयात धुराने सुमारे ९० जणांचा बळी घेतला; त्यांत रुग्णांना बाहेर काढणाऱ्या दोन परिचारिकाही होत्या. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडारा येथे नवजात कक्षातील आगीत दहा बालके दगावली. दोन्ही ठिकाणी स्वतः हलू न शकणारी माणसे होती. शुश्रूषा केंद्रात तेच आहे. म्हणून अंथरुणाला खिळलेल्यांना तळमजल्यावर ठेवणे, दाराचे कुलूप आतून एका हाताने उघडणारे असणे आणि चादरीने ओढत नेण्याचा सराव रात्रपाळीच्याच दोघींकडून, रात्रीच करून घेणे आवश्यक ठरते. दुपारी बारा जणांच्या उपस्थितीत केलेली कवायत छायाचित्रापुरती उपयोगाची असते.

ओव्हर

सकाळच्या ओव्हरमध्ये ‘रात्र शांत गेली’ हे वाक्य सर्वांत अधिक वेळा उच्चारले जाते. त्यातून काहीच कळत नाही. नोंदवहीत ‘झोप’ असा एक रकाना वाढवून कोण किती वाजता झोपले, कशाने उठले आणि उठल्यावर काय केल्यावर पुन्हा झोपले एवढे लिहिले, तर पंधरा दिवसांत प्रत्येक निवाशाची रात्र ओळखू येते. एखाद्या आजोबांना झोपेची गोळी लागत नाही, दिवा मंद ठेवून पाच मिनिटे पायाशी बसले की पुरते, हे ज्ञान आज एका मावशीच्या डोक्यात असते आणि ती नोकरी सोडून गेली की तिच्याबरोबर जाते.

शेवटी, रात्री होणाऱ्या मृत्यूंची नोंद. केंद्रात मृत्यू अनपेक्षित नसतो, तरी दोन वाजता तो झाल्यावर कोणाला कळवायचे, डॉक्टर तपासून प्रमाणपत्र कधी देणार, शेजारच्या खाटेवरील निवाशाला काय सांगायचे, हे बहुधा त्या क्षणी एकट्या कर्मचारी स्त्रीला ठरवावे लागते. नातेवाइकांना लगेच उठवावे की सकाळी कळवावे, हे प्रवेशाच्या वेळीच विचारून पहिल्या पानावर लिहिता येते. त्या रात्री एक जण मृताजवळ थांबली तर उरलेल्या एकोणचाळीस जणांजवळ एकच उरते. म्हणून तिसरीला घरून बोलावण्याची, तिच्या वाहनाची व त्या पाळीच्या मोबदल्याची सोय पाळीपत्रकाच्या तळाशी, नाव व फोन क्रमांकासह, दर आठवड्याला लिहिलेली असावी.